फ्लॉपीवरच्या फाइली कशा मांडलेल्या असतात आणि बिघडलेल्या डिस्कमधून त्या कशा काढायच्या

१.४४ एमबीच्या फ्लॉपीवर २८८० सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटचे तुकडे, असतात. त्यांतले पहिले ३३ खराब झाले, तर उरलेले २८४७ शाबूत असले तरी विंडोज विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाला कधीही ‘हो’ म्हणू नका. फाइलींचा मजकूर बहुतेक वेळा जागेवरच असतो. हरवलेला असतो तो त्याचा पत्ता. तो पत्ता कुठे आणि कसा लिहिलेला असतो हे कळलं, की साध्या हेक्स एडिटरने (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रामने) बरंच काही परत मिळवता येतं.

हा लेख डॉस आणि विंडोजच्या फॅट-१२ फ्लॉपीबद्दल आहे. फॅट म्हणजे फाइलचे तुकडे कुठे आहेत हे सांगणारा डिस्कवरचा तक्ता. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या डीटीपी केंद्रांतला मजकूर, संस्थांचे हिशेब आणि सभासदांच्या याद्या अशाच फ्लॉप्यांवर असत. हेक्स (१६ च्या पायाचे) आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत: ई५ म्हणजे दशमानातले २२९, एफ६ म्हणजे २४६. पडद्यावर ते रोमन अक्षरांत दिसतील.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी

आधी राइट-प्रोटेक्ट करा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असेल तर ती सुरक्षित. सव्वापाच इंचीचं उलट आहे: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ती सुरक्षित होते. कितीतरी जण इथे घोटाळा करतात. हा सोपस्कार टाळू नका, कारण विंडोज ९५ सारखी प्रणाली फ्लॉपी नुसती उघडून पाहतानाही बूट सेक्टरमधल्या (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या) आठ बाइटच्या नावाच्या जागी स्वतःची खूण लिहून टाकते.

मग धातूचं झाकण बोटाने सरकवा, मागची चकती हळूहळू फिरवा आणि फिल्म तिरप्या उजेडात पाहा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत माळ्यावर ठेवलेल्या डिस्कवर ती हमखास सापडते. अशी डिस्क तशीच घातली तर हेड बुरशी खरवडतं, खरवडलेला चुरा हेडला चिकटतो, आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या डिस्कवरही गोल ओरखडे उठतात. बुरशीवाल्या फ्लॉप्या वेगळ्या काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारा बोळा घेऊन, झाकणाच्या फटीतून फिल्म हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पुसा. पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका. पुसताना बोळ्यावर तपकिरी रंग उतरू लागला तर लगेच थांबा. तो चुंबकीय थर आहे, आणि तुमची माहिती त्याच्यातच आहे.

प्रत्येक संशयास्पद डिस्कनंतर ड्राइव्हची दोन्ही हेडं त्याच अल्कोहोलने पुसा. वाचताना किर्र आवाज आला तर ताबडतोब बाहेर काढा.

आधी प्रतिमा, मग बाकी सगळं

मूळ फ्लॉपीवर कोणतंही दुरुस्तीचं साधन चालवू नका. चेकडिस्कसुद्धा नाही, कारण ते तुटलेल्या साखळ्या ‘दुरुस्त’ करताना फाइली कापून टाकतं. संपूर्ण डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रत, म्हणजे प्रतिमा, काढा. १.४४ च्या प्रतिमेचा आकार नेमका १४,७४,५६० बाइट आला पाहिजे: ८० सिलिंडर (दोन्ही बाजूंची समोरासमोरची वर्तुळं), २ हेडं, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट.

साध्या साडेतीन इंची डिस्कसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे प्रत काढण्याचं साधन वापरा, सेक्टरचा आकार ५१२ द्या, आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नक्की ठेवा. पहिल्या फेरीत सोपे सेक्टर उचलून घ्या, दुसऱ्या फेरीत अडलेल्या सेक्टरवर तीनच प्रयत्न करू द्या. खराब जागेवर शंभर वेळा हेड घासून थर उडण्याचीच शक्यता जास्त. तरी काही सेक्टर राहिले तर ड्राइव्ह बदला आणि तीच प्रतिमा, तीच मॅप फाइल पुढे चालू ठेवा. ड्राइव्ह-ड्राइव्हच्या हेडांची जागा बारीकशी वेगळी असते. ज्या ड्राइव्हने डिस्क लिहिली त्याचं हेड किंचित सरकलेलं असेल, तर दुसरा ड्राइव्ह अडतो आणि तिसरा सहज वाचतो. उरलेल्या जागांसाठी डिस्क शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावणंही करून पाहण्यासारखं आहे.

सव्वापाच इंची डिस्क असेल, किंवा यूएसबी ड्राइव्हने हात टेकले असतील, तर ग्रीसवीझलसारखं उपकरण जुन्या, चौतीस पिनांच्या ड्राइव्हला जोडा. ते सेक्टर न मागता चुंबकीय बदलांमधली वेळ जशीच्या तशी नोंदवतं. मग तपासबेरीज (चूक पकडण्यासाठी लिहिलेला आकडा) चुकलेल्या सेक्टरमधले बाइटसुद्धा पाहता येतात. सव्वापाच इंचीत एक गोष्ट ध्यानात ठेवा: ३६० केबीच्या डिस्कवर ४० ट्रॅक असतात आणि १.२ एमबीचा ड्राइव्ह ८० पायऱ्या टाकतो. वाचताना एकाआड एक ट्रॅक घ्यायला सांगावं लागतं, नाहीतर अर्धे ट्रॅक ‘रिकामे’ दिसतात.

आता एक सापळा. न वाचता आलेल्या सेक्टरच्या जागी प्रतिमेत शून्यं राहतात, आणि फॅटमध्ये शून्य म्हणजे ‘ही जागा मोकळी’. म्हणजे वाचता न आलेली नोंद आणि खरोखर मोकळी जागा सारखीच दिसते. म्हणून प्रतिमेची दुसरी प्रत करा आणि डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या सोयीने त्या प्रतीतल्या खराब सेक्टरांत एखादा ठळक, ओळखता येईल असा मजकूर भरा. पुढचं सगळं काम याच प्रतीवर करा.

३३ सेक्टरांचा नकाशा

१.४४ एमबी डिस्कवर क्रमाने हे असतं:

- सेक्टर ०: बूट सेक्टर
- १ ते ९: पहिली फॅट
- १० ते १८: दुसरी फॅट, पहिलीची तंतोतंत नक्कल
- १९ ते ३२: रूट डिरेक्टरी, ३२ बाइटच्या २२४ नोंदी
- ३३ ते २८७९: फाइली आणि उपफोल्डर

फाइलींची जागा क्लस्टरमध्ये (एक किंवा अधिक सेक्टरांच्या गटात) मोजतात आणि क्लस्टरची मोजणी २ पासून सुरू होते. या डिस्कवर एक क्लस्टर म्हणजे एकच सेक्टर, त्यामुळे सूत्र सोपं आहे: क्लस्टर क्रमांकात ३१ मिळवले की सेक्टर मिळतो, त्याला ५१२ ने गुणलं की प्रतिमेतली बाइटची जागा.

इतर प्रकारांत आकडे बदलतात. ७२० केबीच्या डिस्कवर प्रत्येक फॅट ३ सेक्टरांची, रूटमध्ये ११२ नोंदी, क्लस्टर दोन सेक्टरांचा आणि माहिती सेक्टर १४ पासून. ३६० केबीवर फॅट २ सेक्टरांची, नोंदी ११२, क्लस्टर दोन सेक्टरांचा, माहिती १२ पासून. १.२ एमबीवर फॅट ७ सेक्टरांची, नोंदी २२४, क्लस्टर एक सेक्टरचा, माहिती २९ पासून. दोन सेक्टरांच्या क्लस्टरला सूत्र असं: माहितीचा पहिला सेक्टर, अधिक (क्लस्टर उणे २) गुणिले २.

हे आकडे बूट सेक्टरमध्येही लिहिलेले असतात. बाइटची मोजणी ० पासून धरली तर ११-१२ वर सेक्टरचा आकार, १३ वर एका क्लस्टरमधले सेक्टर, १६ वर फॅटच्या प्रती, १७-१८ वर रूटमधल्या नोंदी, १९-२० वर एकूण सेक्टर, २१ वर डिस्कचा प्रकार, २२-२३ वर एका फॅटचे सेक्टर. दोन बाइटच्या आकड्यात लहान बाजू आधी येते: ४० ०बी असं दिसलं तर आकडा ०बी४०, म्हणजे २८८०. बूट सेक्टर वाचताच आला नाही तर फारसं बिघडत नाही. त्याच प्रकारच्या चांगल्या डिस्कच्या प्रतिमेतले पहिले ५१२ बाइट कामाच्या प्रतीवर चिकटवा. निम्म्याअधिक ‘मेलेल्या’ वाटणाऱ्या डिस्क एवढ्यावर उघडतात, असं मानायला मात्र जाऊ नका. शेजारची फॅट आणि डिरेक्टरी शाबूत असेल तरच हा उपाय चालतो. चिकटवण्याआधी फॅटचा पहिला बाइट पाहा: १.४४ ला एफ०, ७२० केबी आणि १.२ एमबीला एफ९, ३६० केबीला एफडी. तो जुळत नसेल तर तुम्ही डिस्कचा प्रकारच चुकीचा धरला आहे.

डिरेक्टरीची एक नोंद

रूट डिरेक्टरी प्रतिमेत ९७२८ व्या बाइटपासून सुरू होते. प्रत्येक नोंदीचे ३२ बाइट असे वाचायचे: ० ते ७ नाव, ८ ते १० एक्स्टेन्शन, ११ गुणधर्म, २२-२३ वेळ, २४-२५ तारीख, २६-२७ पहिला क्लस्टर, २८ ते ३१ फाइलचा आकार. पहिला बाइट ०० असेल तर तिथून पुढे कधी नोंदच झालेली नाही. ई५ असेल तर फाइल पुसलेली आहे. गुणधर्म हेक्स १० म्हणजे फोल्डर, ०८ म्हणजे डिस्कचं नाव, ०एफ म्हणजे विंडोज ९५ नंतरच्या लांब नावाचा तुकडा.

तारखेचे १६ बिट आहेत: खालचे ५ दिवस, पुढचे ४ महिना, वरचे ७ म्हणजे १९८० पासूनची वर्षं. ८एफ १ई दिसलं तर आकडा १ई८एफ, म्हणजे ७८२३. त्यातून १५ गुणिले ५१२ (७६८०) गेले, उरले १४३. त्यातून ४ गुणिले ३२ गेले, उरले १५. तारीख १५ एप्रिल १९९५. ज्या संगणकाचं घड्याळ बंद पडलेलं होतं, त्याच्या फाइलींवर १ जानेवारी १९८० दिसते, म्हणून एकट्या तारखेवर भिस्त ठेवू नका.

फॅटची साखळी

फाइल एका क्लस्टरहून मोठी असेल तर पुढचा क्लस्टर कोणता, हे फॅट सांगते. फॅट-१२ मध्ये एका नोंदीला दीड बाइट, म्हणजे तीन बाइटमध्ये दोन नोंदी बसवलेल्या. हे वाचायला हाताची सवय लागते, पण रीत ठरलेली आहे. क्लस्टर क्रमांकाची दीडपट करा, अपूर्णांक सोडा, त्या जागेचे दोन बाइट उलट क्रमाने घ्या. क्रमांक सम असेल तर उजवीकडचे तीन हेक्स अंक, विषम असेल तर डावीकडचे तीन.

समजा फॅटची सुरुवात अशी आहे: एफ० एफएफ एफएफ ०३ ४० ०० एफएफ ०एफ ००. क्लस्टर २ ची नोंद तिसऱ्या जागेवर (मोजणी ० पासून): ०३ ४० उलटे केले की ४००३, सम म्हणून ००३. क्लस्टर ३ ची चौथ्या जागेवर: ४० ०० चे ००४०, विषम म्हणून ००४. क्लस्टर ४ ची सहाव्या जागेवर: एफएफ ०एफ चे ०एफएफएफ, सम म्हणून एफएफएफ. फाइल २, ३, ४ अशी जाते आणि संपते. एफएफ८ ते एफएफएफ यांतलं काहीही म्हणजे शेवट, एफएफ७ म्हणजे खराब क्लस्टर, ००० म्हणजे मोकळा.

क्लस्टर ३४१ ची नोंद ५११ व्या बाइटवर येते, म्हणजे अर्धी फॅटच्या पहिल्या सेक्टरमध्ये आणि अर्धी दुसऱ्यात. तिथला एक सेक्टर खराब असेल तर ही नोंदही गेली असं धरा.

कोणती बाजू गेली, त्यावर काय वाचतं

हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. सेक्टर ० ते १७ सिलिंडर ० च्या खालच्या बाजूवर (हेड ०) असतात, १८ ते ३५ त्याच सिलिंडरच्या वरच्या बाजूवर (हेड १). म्हणजे अख्खा नकाशा डिस्कच्या सगळ्यात बाहेरच्या एका सिलिंडरवर आहे. प्रत्येक फाइल उघडताना आणि साठवताना हेड तिथे जातं, त्यामुळे झीज तिथे आधी होते.

हेड ० ची बाजू गेली तर बूट सेक्टर, पहिली फॅट पूर्ण आणि दुसरी जवळजवळ पूर्ण जाते. पण १९ ते ३२, म्हणजे रूट डिरेक्टरी, दुसऱ्या बाजूवर सुरक्षित असते. नावं, पहिले क्लस्टर आणि आकार हातात आहेत. फाइली सलग लिहिलेल्या असतील तर फॅटशिवायही त्या पूर्ण निघतात, आणि ज्या डिस्कवर एकदाच फाइली भरून ती जपून ठेवली, तिथे त्या सहसा सलगच असतात. हेड १ ची बाजू गेली तर उलट स्थिती: साखळ्या आहेत, नावं आणि आकार नाहीत. तेव्हा फॅटमध्ये ज्या क्लस्टरकडे कुठलीच नोंद बोट दाखवत नाही पण जो स्वतः वापरात आहे, तो एखाद्या फाइलची किंवा उपफोल्डरची सुरुवात. अशा सुरुवाती काढून साखळीमागून जा आणि पहिल्या बाइटवरून फाइल ओळखा.

एक-दोनच सेक्टर गेले असतील तर दोन फॅट एकमेकींना सावरतात. पहिल्या फॅटमधला खराब सेक्टर दुसरीतून उचला. त्याची जागा ९ सेक्टर पुढे असते. दोन्ही वाचता येतात पण जुळत नाहीत, असंही होतं. लिहिता लिहिता डिस्क काढली गेली असेल तर. मग फाइलच्या आकाराला जी साखळी पुरते, ती खरी.

पुसलेली फाइल: आकडे धरून

डॉसमध्ये फाइल पुसली की नावाचं पहिलं अक्षर ई५ होतं आणि फॅटमधली साखळी शून्य होते. पहिला क्लस्टर, आकार आणि मजकूर तसेच राहतात, जोवर त्यांवर नवीन काही लिहिलं जात नाही.

समजा डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रामची, वर्गणीची एक फाइल पुसली गेली आहे. नोंदीत २६-२७ वर २५ ००, म्हणजे क्लस्टर ३७. २८ ते ३१ वर ५ए १डी ०० ००, म्हणजे १डी५ए, म्हणजे ७५१४ बाइट. ७५१४ भागिले ५१२ म्हणजे १५ क्लस्टर लागतात: ३७ ते ५१. सेक्टर ६८ ते ८२. प्रतिमेतली जागा ६८ गुणिले ५१२, म्हणजे ३४,८१६. हेक्स एडिटरमध्ये तिथून ७५१४ बाइट निवडून नव्या फाइलमध्ये चिकटवा. त्याआधी फॅटमध्ये ३७ ते ५१ या सगळ्या नोंदी ००० आहेत ना, ते पाहा.

डीबेसच्या फाइलची सचोटी तपासता येते, म्हणून हे उदाहरण घेतलं. तिच्या सुरुवातीला बाइट ४ ते ७ वर नोंदींची संख्या, ८-९ वर शीर्षकाची लांबी, १०-११ वर एका नोंदीची लांबी. समजा १२०, १९३ आणि ६१ निघाले: १९३ अधिक १२० गुणिले ६१, अधिक शेवटचा १ए हा एक बाइट, बरोबर ७५१४. आकार पटला.

आता समजा क्लस्टर ४४ ची नोंद ००० नाही. तिथे दुसरी फाइल आहे. दोन शक्यता: ती आधीपासून तिथे होती आणि आपली फाइल तिला वळसा घालून गेली, किंवा ती नंतर येऊन आपला तुकडा गिळून बसली. उत्तर पुढच्या क्लस्टरमध्ये मिळतं. डीबेसच्या प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट हेक्स २० (चालू) किंवा २ए (रद्द) असतो, आणि तो दर ६१ बाइटला येतो. क्लस्टर ४४ मध्ये फाइलचा ३५८४ वा बाइट यायला हवा आणि ५६ नोंदींनंतरची पुढची नोंद ३६०९ वर, म्हणजे त्या क्लस्टरच्या आत २५ व्या जागेवर. क्लस्टर ४५ च्या २५ व्या जागेवर ही खूण सापडली आणि दर ६१ बाइटला पुढे जुळत गेली, तर फाइल वळसा घालून गेली आहे: ३७ ते ४३, मग ४५ ते ५२. खूण दुसऱ्या जागी सुरू होत असेल तर ४४ मधला मजकूर गेला. तेवढ्या नोंदी रिकाम्या ठेवून बाकीच्या वाचवा.

नावाचं पहिलं अक्षर हवं असेल तर वरच्या ०एफ गुणधर्माच्या नोंदी पाहा. पुसताना त्यांचाही पहिला बाइट ई५ होतो, पण तो क्रमांकाचा बाइट असतो, नावाचा नव्हे. लांब नाव शाबूत राहतं.

फॉरमॅट झालेली डिस्क

पूर्ण फॉरमॅटने डिस्कभर एफ६ लिहिलं जातं. सेक्टरमागून सेक्टर एफ६ दिसले तर तिथे शोधण्यात अर्थ नाही. झटपट फॉरमॅटने मात्र फक्त नकाशा कोरा होतो. अशा वेळी उपफोल्डर शोधा, कारण त्यांच्या याद्या माहितीच्या जागेत असतात आणि तशाच राहतात. सेक्टरच्या सुरुवातीला २ई, मग दहा वेळा २०, मग १०, आणि ३२ व्या बाइटपासून २ई २ई: ही उपफोल्डरची ओळख. पहिल्या नोंदीच्या २६-२७ वर त्या फोल्डरचा स्वतःचा क्लस्टर क्रमांक लिहिलेला असतो. त्यात ३१ मिळवून तुम्ही पाहत असलेला सेक्टरच येतो का, ते ताडून घ्या. जुळलं की आतल्या सगळ्या फाइलींची नावं, पत्ते आणि आकार एका झटक्यात मिळतात.

मराठी मजकूर ओळखणं

फाइल निघाली आणि आत नुसतं गिचमिड दिसलं, म्हणून ती खराब समजून फेकू नका. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट तंत्रावरचा मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असू शकतो. १९९१ च्या प्रमाणित इस्कीत ‘मराठी’ हा शब्द सीसी सीएफ डीए बीई डीसी असा येतो. हा क्रम अख्ख्या प्रतिमेत शोधा. पीसीसाठी वेगळी मांडणीही होती, तिथे आकडे बदलतात, तेव्हा हा शोध रिकामा गेला म्हणून मराठी नाहीच असं ठरवू नका. वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रामच्या इंग्रजी फाइलींत शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवलेले असतात. तेवढे वजा केले की मजकूर स्वच्छ होतो.

श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टच्या फाइलींत बाइट म्हणजे अक्षराचा आकार, उच्चार नव्हे. त्यांना त्याच फॉन्टचा परिवर्तक लागतो आणि एकाच कंपनीच्या दोन मांडण्यांतही फरक असतो. म्हणून त्याच गठ्ठ्यातली फॉन्टची फ्लॉपी कधीही टाकू नका. मजकुराच्या डिस्कइतक्याच काळजीने तिचीही प्रतिमा काढा आणि दोन्ही प्रतिमा, मॅप फाइल व लेबलचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा.